दाराशी ठेवलेल्या पिशव्या

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कचऱ्याची गाडी पियानोची रोजची धून वाजवत पायऱ्यांच्या तळाशी येऊन थांबली, तेव्हा मेइल्वान तळमजल्यावरच्या आपल्या दारात वाकलेली होती आणि तिच्यासमोर चार पिशव्या होत्या. एक तिची स्वतःची. उरलेल्या तीन तिच्या नव्हत्या, पण कुठली कुणाची हे तिनं डोळे मिटूनही सांगितलं असतं. सुतळीची दुहेरी गाठ मारलेली ती तिसऱ्या मजल्यावरच्या लियाओ गुरुजींची. हलकी, आत नूडल्सच्या रिकाम्या वाट्या खडखडणारी ती चौथ्या मजल्यावरच्या युश्वानची. युश्वान इस्पितळात नर्स आहे आणि घरी फक्त झोपायला येते. आणि बुडाशी ओली झालेली, सोयाबीनच्या चोथ्यानं जड, ती समोर नाश्त्याचं दुकान चालवणाऱ्या खिमची. सासूला जाऊन सहा दिवस झाले होते. सहा दिवसांत गाडी जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा या पिशव्या आधीच दाराशी येऊन बसल्या होत्या, आणि मेइल्वान त्या उचलून बासष्ट पायऱ्या उतरून गाडीत टाकून आली होती. विचार केला नव्हता, हातांना सवय होती. आजही तिचं बोट गुरुजींच्या सुतळीखाली गेलं. सुतळी बोटाला काचली. एवढंच झालं, दुसरं काही नाही. पण बोट तिथंच थांबलं आणि तिच्या मनात आलं, ज्या बाईच्या दाराशी लोक पिशव्या ठेवतात ती तर मेली. मग हे दार आता कुणाचं? ती सरळ उभी राहिली. खाली धून वाजत होती. गाडी चार मिनिटं थांबते. पहिलं मिनिट ती उतरू का नको या विचारात होती, दुसऱ्या मिनिटाला तिला आपण दमलो आहोत असं वाटलं, आणि मग ती नुसतीच ऐकत राहिली. धून वळणावर लहान होत गेली आणि बंदराकडच्या आवाजांत मिसळली. पिशव्या होत्या तिथंच होत्या. तिनं दार लावून घेतलं.

गल्ली तिच्या सासूला आमा म्हणायची, म्हणजे आजी. कीलुंग बंदराच्या या टेकडीवर आमा पुष्कळ असतील, पण पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून नुसतं ‘आमा’ म्हटलं की लोक याच दाराकडे बोट करायचे. पूर्वी गल्लीच्या कोपऱ्यावर सिमेंटचा हौद होता, त्यात केव्हाही कचरा टाकावा. मग नियम आला की कचरा जमिनीला टेकता कामा नये, गाडी येईल तेव्हा ज्याचा त्यानं हातात घेऊन उभं राहायचं. गाडी काही पायऱ्या चढत नाही. त्या वर्षी गुरुजींची बायको अंथरुणाला खिळलेली होती आणि सहा वाजून वीस मिनिटांनी तिला एकटं टाकून त्यांना उतरता येत नव्हतं. ‘द्या इकडं, नाहीतरी मी चाललेच आहे,’ आमा म्हणाली. नाहीतरी मी चाललेच आहे, हे तिचं नेहमीचं. दुसऱ्या आठवड्यात बाळंतीण झालेल्या कुणाची पिशवी आली, मग रात्रपाळीवाल्यांची, मग ज्यांना पाय होते आणि वेळही होता अशांचीही. एके काळी एकोणीस पिशव्या व्हायच्या. चौसष्ट वर्षांची आमा बांबूच्या कावडीला त्या दोन्हीकडे अडकवून उतरायची, जशी पोरवयात धक्क्यावर कोळशाच्या टोपल्या वाहायची तशी. पंच्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी साफ नकार दिला, तेव्हापासून पिशव्या मेइल्वान नेऊ लागली आणि आमा वरच्या पायरीवर उभं राहून हुकूम सोडू लागली. ‘खिमची सांडेल, खालून धर. गुरुजींची आधी दे, त्यात काच आहे.’ गाडीवरच्या माणसाला ती वरूनच हात करायची आणि तोही करायचा. सहा वर्षं मेइल्वाननं पिशव्या नेल्या आणि सहा वर्षं गल्ली म्हणत राहिली, आमा नेते.

आतल्या खोलीत आमाचा फोटो मांडलेला होता. मेइल्वाननं संध्याकाळचा भात वाढला, वर तळलेला मासा आणि रताळ्याचा पाला, शेजारी तोंड धुवायला पाण्याचं भांडं आणि कोरडा रुमाल. एकोणपन्नास दिवस हे सकाळ-संध्याकाळ करायचं असतं. जिवंत होती तेव्हा आमा कधी टेबलाशी बसून पुरतं जेवली नाही, वाटी हातात घेऊन दारात उभी. आता मात्र फोटोच्या चौकटीत बसून निमूट जेवत होती. उदबत्ती लावताना फोन वाजला. अंत्यविधीच्या कार्यालयातला माणूस अदबीनं बोलत होता. निरोपाच्या दिवशी वाचायचा जीवनपरिचय उद्या संध्याकाळपर्यंत मिळाला तर बरं. एक पान पुरे. वय कागदावर एक्याण्णव आहे, पण अधिक महिने धरून आम्ही चौऱ्याण्णव छापतो, चालेल ना? मेइल्वान म्हणाली, चालेल. तिला वाटलं, तीन वर्षं अशी सहज वाढवून मिळतात तर त्यात कुणी काय केलं हेही लिहायला हवं. मग तो म्हणाला, नाव दाखल्यावर आहे तसंच घालू ना? दाखल्यावर बाँगछी होतं. असू दे, वाढवू कशीबशी, असा त्या नावाचा अर्थ. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं ठेवलेलं. तीन वर्षांची असताना तिला टेकडीवरच्या या घरात देऊन टाकलं, पुढं इथल्याच मुलाशी लावून देता येईल म्हणून. तशी पद्धत होती. सतराव्या वर्षी, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, ज्याच्याबरोबर भाऊ म्हणून वाढली त्याच्या खोलीत तिची उशी नेऊन ठेवली की झालं लग्न. चार मुलं, त्यातली दोन जगली, आणि त्या दोनांतला थ्येनफू, मेइल्वानचा नवरा, चाळिशीच्या आत बोटीच्या इंजिनखोलीत मरण पावला. एवढं सगळं एका पानात मावलं असतं. त्यात गल्ली मावली नसती. पंचवीस-तीस बाळंतिणींना तिळाच्या तेलात आलं परतून केलेलं कोंबडीचं कालवण, महिनाभर, रोज. वादळात दरड आली त्या वर्षी दारापुढच्या चपला मोजून कोण आत अडकलंय हे तिनं सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांना अकरा घरांच्या किल्ल्या. वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. मेइल्वाननं कागद पुढं ओढला, ‘आमची आई’ असं लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. तिला रडू येत नव्हतं. सहा दिवसांत एकदाही आलं नव्हतं, आणि याची तिला लाज वाटत होती.

बाहेर चपला वाजल्या. खिम आली होती, सोनेरी कागदाची कमळं घडी घालायला. ती रोज यायची. कुणी ना कुणी रोज यायचंच. गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी ही कमळं करायची असतात, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ती घडी आमानंच शिकवली होती. खिम सत्तरीची, आवाज दुकानावर तयार झालेला.

“पिशव्या दारातच गं? गाडी चुकली वाटतं.”

“चुकली नाही. मी गेले नाही.”

“पाय धरलाय?”

“नाही.”

“मग?”

“नाही गेले.”

खिमनं तिच्याकडे जरा पाहिलं आणि खुर्ची ओढली. “बरं, उद्या ने. थंडी आहे, वास नाही सुटायचा.” तिनं कागदाच्या पाकळ्या भराभर मुडपल्या. “आमा असती तर मला म्हणाली असती, खिमे, पाकळी घालतेस का भजी तळतेस. कायम घालूनपाडून बोलायची मला. माझ्या धाकट्याच्या वेळी मी महिनाभर या घरचं खाल्लंय, सासरचं नाही. आता कुणाकडं बघायचं? तूच आता आमची आमा, मेइल्वान.”

“मला बासष्ट पूर्ण झाली खिमताई.”

“मग काय, वय झालंच की आमा व्हायचं.” खिम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते कमळाच्या कागदालाच पुसले.

मेइल्वाननं पुढचा कागद घेतला. तिला सांगायचं होतं की मी जाणार आहे. एकोणपन्नासावा दिवस झाला की मी ह्वालियेनला माझ्या थोरल्या बहिणीकडे जाणार आहे, तिच्या घरात समुद्राच्या बाजूची एक खोली आहे आणि तिला आतून कडी आहे. हे बहिणीला ठाऊक होतं, तायचुंगला असलेल्या लेकीला ठाऊक होतं. पेइजू फोनवर म्हणाली होती, ‘जा गं आई, कधीची जायची राहिली आहेस.’ गल्लीला मात्र सांगवत नव्हतं. आमाच्या पाठोपाठ आपणही निघालो तर या माणसांच्या डोक्यावरचं छप्पर कुणी उचलून नेल्यासारखं होईल, आणि सांगितलं नाही तर दाराशी उद्या पाच पिशव्या असतील. उद्या एक जरी उचलली तरी संपलं. मग बहात्तराव्या वर्षीही आपण हीच सुतळी बोटात घेऊन उतरत असू, आणि कुणाला यात काही चुकलंय असं वाटणारही नाही. गल्लीची माणसं वाईट नव्हती. तीच तर अडचण होती.

खिम गेल्यावर तिनं अर्धवट कमळं टोपलीत भरली आणि आमाच्या खुर्चीत बसली. सदतीस वर्षांत ती या खुर्चीत फार तर चारदा बसली असेल. इथून दार दिसत होतं, दारातून पायऱ्या. थ्येनफूची बातमी आली तेव्हाही हे दार उघडंच होतं. बंदराच्या कचेरीतला माणूस येऊन गेला आणि दहा मिनिटांत घर भरलं. कुणी भात टाकला, कुणी पेइजूला मांडीवर घेतलं, कुणी मेइल्वानच्या तळव्यांना आलं चोळलं. आमानं पोटचा मुलगा गेलेला असताना आलेल्या प्रत्येकाला चहा दिला. मेइल्वान न्हाणीघरात रडायला गेली तर तिथं कुणीतरी भांडी घासत होतं. ती परत येऊन बसली. दोन वर्षं तशीच बसली. मग एका हिवाळ्यात, कचऱ्याचा नवा नियम आला त्याच हिवाळ्यात, तिनं बहिणीला पत्र लिहिलं, खोली रिकामी ठेव, मी पेइजूला घेऊन येते आहे, कायमची. तिकीट लावायला जीभ बाहेर काढली आणि बाहेरून आमाची हाक आली, ‘मेइल्वान, जरा हे टोक धर गं.’ कुणाच्या तरी गादीचं टोक होतं. ते धरून आली तोवर पत्रातला जोर गेला होता. तिनं त्याचे तुकडे करून आपल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि पिशवी आमा घेऊन गेली.

त्यानंतर दीडेक महिन्यानं नवीन वर्ष आलं. वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. त्या वर्षी मेइल्वानची पिशवी आमानंच भरली. आगगाडीत वर ठेवायला दोन माणसं लागली, इतकी जड. ह्वालियेनला उघडून बघते तर आत तिचे सगळे स्वेटर, पेइजूचे उन्हाळ्याचे फ्रॉकसुद्धा, थ्येनफूचा फोटो, पोरीचं लशींचं कार्ड आणि अगदी तळाशी पाकिटात शाळा सोडल्याचा दाखला. दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. ‘म्हातारीला अक्षर कळत नाही,’ मेइल्वान म्हणाली होती, ‘दिसला तो कागद कोंबलाय.’ किती दिवसांनी हसली होती ती. चार दिवस खोलीत कडी लावून झोपली. पाचव्या दिवशी संध्याकाळी उगाचच उठून दारात गेली. तिथली गाडी पाचलाच येऊन गेलेली, रस्ता रिकामा. पेइजू मागून म्हणाली, ‘आई, गुरुजींची पिशवी आज कोण नेईल? आमाचा गुडघा दुखतो ना?’ दुसऱ्या दिवशी मेइल्वान त्या जड पिशवीसकट परतली. बहिणीला म्हणाली, पेइजूची शाळा सुरू होईल. दारात आमाच होती. पिशवीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, ‘जेवलीस?’ एवढंच विचारलं आणि आत गेली. आत कितीतरी वेळ नळ वाहत होता. भाजी धूत असेल, असं मेइल्वानला वाटलं होतं.

सातव्या दिवशी गेलेलं माणूस घर बघायला येतं. सकाळी मेइल्वाननं उंबरा पुसला, आमाच्या चपला दारात बाहेर तोंड करून ठेवल्या, मग आठवून आत तोंड करून ठेवल्या. तिथंच चार पिशव्या होत्या. येताना तिला हे दिसणार, पहिल्या पावलालाच. मेइल्वानला राग आला, कुणाचा ते कळेना. पाच वाजून गेल्यावर तिनं कोरा कागद खिशात घातला, गुरुजींची पिशवी उचलली, आणि खाली न उतरता जिना चढून वर निघाली. पिशवी ज्याची त्याला परत द्यायची आणि जीवनपरिचय त्यांच्याकडून लिहून घ्यायचा. आमाचे सगळे कागद आजवर गुरुजींनीच लिहिले होते.

लियाओ गुरुजी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, टेकडीखालच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेले. बायको जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी दार उघडलं, पिशवी पाहिली, सुतळी पाहिली आणि बाजूला सरकले.

“ये. ती तिथं ठेव. मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“की पिशवी एक दिवस जिन्यानं वर येईल. काल ऐकलं मी, गाडी गेली आणि तुझं दार लागलं.”

मेइल्वान उभ्यानंच बोलली, घरून ठरवून आल्यासारखी. “गुरुजी, मी यापुढं नेणार नाही. एकोणपन्नास दिवस झाले की मी ह्वालियेनला जाणार आहे. राहायला. रागावू नका.”

“मी कशाला रागावू? जा.” गुरुजींनी चहाचं भांडं ठेवलं. “या खेपेला दाखला नाही लागायचा.”

तिला ते शब्द ऐकू आले, पण अर्थ लागायला वेळ लागला. खिडकीबाहेर कुणाचे न वाळलेले कपडे लटकत होते. कीलुंगमध्ये हिवाळ्यात काही वाळत नाही. त्यातल्या एका बाहीतून पाणी ठिबकत होतं, ते बघत ती म्हणाली, “कुठला दाखला?”

“पेइजूचा. मीच सही केली होती. हेडमास्तरांना सांगितलं, मुलीची आई गावी चालली आहे, लागेल.” ते खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. “बस. आता सांगायला हरकत नाही. ती म्हणाली होती, मी असेपर्यंत बोलायचं नाही. मी बोललो नाही. तिला कोण उलटं बोलणार?”

आमा प्रत्येक पिशवीतले कागद वेगळे काढायची, रद्दीवाल्या म्हाताऱ्यासाठी. मेइल्वानला हे ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाच्या घरात औषधाची पाकिटं वाढली, कुणाच्या घरात बाटल्या, हे आमाला आधी कळायचं आणि मग ती कालवणाचं भांडं घेऊन जिना चढायची. हे सगळं मेइल्वानला इतकं ठाऊक होतं, आणि आपल्याही पिशवीत कागद होता हे सत्तावीस वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं.

“बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात चिठोऱ्या घेऊन आली,” गुरुजी म्हणाले. “म्हणाली, मेइल्वानचं अक्षर आहे, फाडलंय, काहीतरी दुखतंय तिचं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुणाचं आहे ते ओळखता यायचं. मी म्हटलं, आमा, दुसऱ्याचं पत्र आहे. ती म्हणाली, दुसऱ्याचं नाही, माझ्या पोरीचं आहे. मग भाताच्या खळीनं चिकटवलं आम्ही. तास गेला. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाचा. तीनदा वाचलं.”

“काय होतं त्यात?” मेइल्वाननं विचारलं. तिला ते स्वच्छ आठवत होतं. तरी विचारलं.

“इथे सगळे चांगले आहेत असं होतं. आई सगळ्यांत चांगली. पण ती सगळ्यांची आहे. आणि या घराचं दार कधी बंद होत नाही, थ्येनफू गेला त्या दिवशीही मला रडायला कोपरा मिळाला नाही.” गुरुजी शाळेत धडा म्हणावा तसं, सावकाश, एकही शब्द न गाळता बोलले. “तिसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, बरोबर लिहिलंय पोरीनं. मग म्हणाली, मला तीन वर्षांची असताना इथं आणून टाकलं. दार उघडं होतं, पण मला जायला जागा नव्हती. हिला जागा आहे, पण ही माझ्याकडं बघून थांबेल. तर गुरुजी, दाखला करून द्या, मी पिशवी भरते. मी म्हटलं, तोंडानं सांग की तिला, जा म्हणून. तर म्हणाली, जा म्हटलं की माणसाला वाटतं हाकललं. नुसती पिशवी भरली की ज्याचं त्याला ठरवता येतं.”

चहा उकळून खाली उतू गेला. दोघांपैकी कुणी उठलं नाही. मेइल्वानला तो वाहता नळ ऐकू येत होता. सत्तावीस वर्षं तिनं मनाशी एक धरून ठेवलं होतं, की आपल्याला या घरानं, या पायऱ्यांनी, त्या बाईच्या चांगुलपणानं अडकवून ठेवलं. त्या रागावरच ती दमली तरी उभी राहत होती. आणि तो दाखला तर तिच्या हातात होता. ती त्याला हसली होती. कुणी तिला ठेवून घेतलं नव्हतं. चार दिवस कडी लावून झोपून, पाचव्या दिवशी आपल्याच पायांनी ती परत आली होती, एका म्हातारीचा गुडघा दुखतो म्हणून. आणि नळाखाली भाजी नव्हती. तिला फार मोठी चोरी सापडल्यासारखं झालं, पण चोर कोण आणि गेलं कुणाचं हे समजत नव्हतं.

“मी परत आले तेव्हा?” ती म्हणाली.

“तेव्हा वर आली होती धावत. म्हणाली, गुरुजी, आली, परत आली, आता आपण दोघांनी तोंड शिवायचं. मग इथंच बसून पोटभर रडली. खाली रडायला तिलाही जागा नव्हती, मेइल्वान. सगळे होते ना खाली.” ते उठले, सांडलेला चहा फडक्यानं पुसू लागले. “एक चूक केली तिनं. पुष्कळदा मनात यायचं माझ्या, बोललो नाही. आम्हा सगळ्यांच्या पिशव्या नेल्या, आणि आम्ही उतरायचं विसरलो. त्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीचं तोंड मी वर्षभर पाहिलेलं नाही. खिमला आवाजानं ओळखतो. संध्याकाळी उतरलो असतो तर चार माणसं भेटली असती. तुझा तो कागद आण इकडं, लिहू. पण आधी किती वाजले बघ.”

सहाला पाच कमी होती. कागद टेबलावर तसाच राहिला. मेइल्वान जिना चढून चौथ्या मजल्यावर गेली आणि घंटा दाबली. युश्वान झोपेतून उठून आली, केस विस्कटलेले.

“काकू? काय झालं?”

“गाडी येतेय. आपली पिशवी आपण घेऊन चल.”

“अगं बाई. आमा नेते ना...” ती मध्येच थांबली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. सहा दिवसांत ती दोनदा खाली येऊन कमळं करून गेली होती. तरी हात पिशवी दाराशी ठेवतच राहिले होते. “काकू, मला खरंच सुचलंच नाही. मी आले, चपला घालते.”

खिम दुकानातून ओरडली, “आता या वयात मला उतरवतेस होय गं?” पण ओरडता ओरडताच तिनं एप्रन सोडला. मेइल्वान दारोदार गेली. काही दारं तिनं कित्येक वर्षांत वाजवली नव्हती, फक्त त्यांच्या किल्ल्यांच्या दोऱ्यांचे रंग तिला ठाऊक होते. पिशवी, गाडी, चला. यापलीकडे ती कुणाशी काही बोलली नाही. शेवटी ती तिसऱ्या मजल्यावर परत आली. गुरुजी टोपी घालून, हातात काठी आणि सुतळी बांधलेली पिशवी घेऊन दारात तयार उभे होते. तिनं सवयीनं पिशवीला हात घातला. त्यांनी पिशवी मागं ओढली. मग तिनं त्यांचा कोपर धरला.

बासष्ट पायऱ्या उतरायला त्यांना गाडी थांबते त्यापेक्षा जास्त वेळ लागला. धून वाजू लागली तेव्हा ते चाळिसाव्या पायरीवर होते. खालून खिम गाडीवाल्याला ओरडून सांगत होती, “थांब रे बाबा, आमचे गुरुजी येतायत! मुलाच्या लग्नालासुद्धा एवढे नटले नव्हते!” कुणीतरी हसलं. पुढं युश्वान एका पायरीवर वळून उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, “काठी या हातात घ्या आजोबा, उतरताना दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही धरायची.” ते म्हणाले, “तू आमच्या डोक्यावर राहतेस ती का?” ती म्हणाली, हो. तळाशी नऊ-दहा माणसं हातात पिशव्या घेऊन उभी होती, पावसाच्या भुरभुरीत, चपलांवर, एकमेकांकडे जरा ओशाळून बघत. एवढी माणसं इथं उभी असलेली मेइल्वाननं सत्तावीस वर्षांत पाहिली नव्हती.

गाडीच्या मागच्या फळीवर उभा असलेला माणूस एकेक पिशवी घेत होता. “आज काय मोर्चा आहे का काय?” तो म्हणाला. गुरुजींनी पिशवी स्वतःच्या हातानं वर केली, ती त्यानं वाकून घेतली. मग त्यानं पायऱ्यांच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, हात करायला उचलला आणि खाली घेतला. “आमा कुठंय? आठवडा झाला, दिसली नाही. गुडघा का?”

खिमनं तोंड उघडलं होतं. आमची आमा गेली, असं ती म्हणणार होती आणि ते खरंही होतं.

“माझी आई गेली,” मेइल्वान म्हणाली.

तिच्या स्वतःच्याच कानांना ते नवीन वाटलं. माणसानं हातमोजे काढले. पुढं जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि धून बंद झाली. गाडी नुसती उभी राहिली. मेइल्वान शेवटच्या ओल्या पायरीवर खाली बसली. वर चढून जायला, दार गाठायला, न्हाणीघर रिकामं आहे का बघायला वेळ नव्हता, आणि तिला ते नकोही होतं. सगळी गल्ली पिशव्या टाकून तिथंच उभी असताना, त्या सगळ्यांच्या देखत, ती मोठ्यानं रडू लागली.